गाडीची आगोट

कोकणात पावसाळ्याआधीच्या तयारीला आगोट म्हणतात. शहरात वाढलेल्या भाचरांसाठी हे मुद्दाम सांगतोय, बाकीच्यांनी पुढे जावं. मिरच्या-मसाला, सुकी मासळी, लाकूडफाटा, कौलं चाळणं, पडवीला झडप बांधणं, होड्या वर ओढून शाकारून ठेवणं... मृगाच्या आत हे सगळं उरकायचं. चौल-रेवदंड्याकडच्या आमच्या घरी या यादीत आणखी एक काम असायचं: फियाटचं बीडिंग बघणं.

बीडिंग म्हणजे दाराच्या चौकटीभोवती, काचांच्या कडेला आणि डिकीच्या तोंडाशी असलेली रबराची पट्टी. पुस्तकात तिला वेदरस्ट्रिप वगैरे म्हणतात, पण गॅरेजात बीडिंगच. गाडीतली ही सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. इंजिनाबद्दल लोक तासन् तास बोलतात. बीडिंगची आठवण येते ती पहिल्या झडीला, मांडीवर पाणी ठिबकायला लागलं की! पण आमच्या किनाऱ्यावर एखादी जुनी गाडी जगली की गेली, हे मला वाटतं इंजिनापेक्षा या पट्टीनेच जास्त ठरवलं. त्यामागे थोडा इतिहास आहे, आणि तो मला फार आवडतो.

पहिल्या मोटारींना बीडिंग नव्हतंच, कारण बंद करण्यासारखं काही नव्हतं. वर कापडी टप, बाजूला पडदे, म्हणजे घोडागाडीचाच थाट. १९२० च्या दशकात अमेरिकेत स्वस्त बंद गाड्या निघाल्या आणि दशक संपेपर्यंत उघडी गाडी हीच अपवाद ठरली. आता दारं आली, काचा आल्या, आणि पत्रा व काच यांच्यामधली फट कशाने बुजवायची हा प्रश्नही आला. खरं तर प्रश्न जुनाच. कान्होजी आंग्र्यांच्या गुराबा-गलबतांच्या काळापासून आमच्या किनाऱ्यावरचे कारागीर फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून हेच तर करत आले! फरक इतकाच की गाडीचा सांधा दिवसातून वीस वेळा उघडतो आणि मिटतो. तिथे कापूस चालत नाही. दाबलं की दबेल आणि सोडलं की परत फुगेल असं काहीतरी लागतं. म्हणजे रबर.

रबराची गोष्ट तर जगभर हिंडून आलेली. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट होतं आणि थंडीत कडक. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला सापडलं की त्यात गंधक घालून तापवलं तर ते दोन्ही ऋतूंत लवचीक राहतं. (पेटंट मिळालं १८४४ मध्ये. हा माणूस १८६० मध्ये वारला तो कर्जात.) झाड मूळचं ॲमेझॉनचं. १८७६ मध्ये हेन्री विकहॅमने सुमारे सत्तर हजार बिया तिथून लंडनच्या क्यू बागेत नेल्या. त्यातली थोडीच रोपं जगली, ती पुढे श्रीलंकेकडे आणि मलायाकडे गेली. केरळात पेरियार नदीकाठी थट्टेकाड इथे १९०२ मध्ये व्यापारी लागवड सुरू झाली. आता तर आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गकडेही रबराच्या बागा आहेत.

पण नैसर्गिक रबराचा एक शत्रू आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही: हवेतला ओझोन. ताणलेल्या रबरावर तो आडव्या बारीक भेगा पाडतो. जुन्या सायकलच्या टायरवर दिसतात ना, तशाच. त्यात भर उन्हाची. १९६० च्या दशकात ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर बाजारात आलं, ते ओझोनला दाद देत नाही. हल्लीच्या गाड्यांचं बीडिंग बहुतेक त्याचंच असतं, म्हणून ते वर्षानुवर्षं टिकतं आणि म्हणूनच हल्लीच्या मालकांना ते असतं हेही ठाऊक नसतं. आमच्या फियाटच्या पट्टीचं तसं नव्हतं. दोन-चार उन्हाळ्यांत ती पापडासारखी कडक व्हायची.

आता फियाटकडे वळू. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या जात, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने ठरवलं की नुसते परदेशी भाग जोडणाऱ्यांनी इथे राहू नये, टप्प्याटप्प्याने इथेच बनवणाऱ्यांनी राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. १९५४ पासून कुर्ल्यात फियाट ११०० बनू लागली. तीच ती लाडकी डुक्कर फियाट! १९६० च्या दशकात ११००डी आली, १९७० च्या दशकात तिचीच प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि मग चितोडच्या राणीच्या नावावरून पद्मिनी. एकविसाव्या शतकाच्या तोंडाशी उत्पादन थांबलं. मूळ इटालियन ११००डी तर इटलीत १९६६ मध्येच बंद झाली होती.

म्हणजे तोरिनोच्या हवेसाठी कागदावर उतरलेली गाडी आम्ही साडेतीन-चार दशकं कोकणच्या पावसात चालवली.

का चालवली, तर दुसरं होतंच काय? अॅम्बॅसॅडर, फियाट आणि स्टँडर्ड, एवढीच निवड. विक्री-वाटपावर १९५९ पासून सरकारी नियंत्रण. नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायची. मारुती ८०० आली डिसेंबर १९८३ मध्ये. एवढी वाट बघून मिळालेली गाडी कोणी टाकून देत नसतं. ती सांभाळायची, बाजारात मिळेल त्या मालाने दुरुस्त करायची, आणि तेही शक्यतो घरीच. 'डू इट युवरसेल्फ' हा छंद म्हणून नंतर आला. आमच्या वडिलांच्या पिढीला तो शब्द माहीत नव्हता. त्यांना फक्त माहीत होतं की अलिबागला मेकॅनिककडे गाडी टाकली की आठवडा जातो आणि पाऊस कोणासाठी थांबत नाही.

आणि आता खरा मुद्दा. १९५३ ची फियाट ११०० ही सलग सांगाड्याची गाडी होती. म्हणजे जीपसारखी खाली वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दाराखालचा पोकळ उंबरा, खांब, छत हे सगळं मिळूनच तिचा कणा. त्या काळी हे आधुनिक मानलं जाई आणि गाडी हलकी व्हायची. पण याचा अर्थ असा की तळाचा पत्रा सडला तर नुसतं भोक पडत नाही, गाडीचा कणाच मोडतो.

बीडिंग फाटलं की पाणी जातं कुठे? गालिच्याखाली. मुंबईत ते दोन दिवसांच्या उघडिपीत वाळेल. आमच्याकडे नाही. समुद्राच्या हवेत मीठ असतं आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं. तो हवेतली ओल ओढून घेतो. पेण-उरणकडच्या मिठागरवाल्यांना विचारा, मिठाची रास पावसाळ्यात कशी पाझरते ते. तेच गाडीच्या तळाशी होतं. एकदा ओला झालेला खारट पत्रा दसऱ्यापर्यंत ओलाच. वरून गाडी चकाचक आणि खालून बिस्किटासारखी, अशा किती फियाटी किनाऱ्यावर भंगारात गेल्या! इंजिन चालू स्थितीत असताना गेल्या, हे विशेष.

आमच्या बाबांची पद्मिनी १९८४ ची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं त्या दिवशी आमच्या शेडचे पत्रे उडाले. वाडीतल्या सुपाऱ्या आडव्या झाल्या होत्या, वीज नव्हती, गाडीकडे बघायला कोणाला वेळ होता? ती तशीच पावसात उभी राहिली. त्यातच नोंदणीच्या नूतनीकरणाची वेळ जवळ आली. एप्रिल २०२२ मध्ये ते शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० वर गेलं. घरात चर्चा सुरू झाली: पाच हजार भरा, वर पत्र्याचं काम, कशासाठी? भंगारवाला चांगले पैसे देतोय. बाबा काही बोलले नाहीत. नुसते उठून शेडकडे गेले.

मग त्या वर्षीच्या वैशाखात आम्ही दोघांनी बीडिंग घातलं. कसं घातलं ते थोडक्यात सांगतो, कुणाच्या दारात जुनी गाडी असेल तर उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे, गळती कुठून आहे ते शोधायचं. दाराच्या फटीत वर्तमानपत्राची पट्टी धरून दार लावायचं आणि ओढायचं. सहज निघाली तर तिथे रबर टेकत नाही. मग एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून नळी सोडायची, खालून वर. आत बाबा बसले होते. वय वर्षं ऐंशी, अंगावर रेनकोट. "इथे आलं... नाही, पुढच्या खांबाशी..." अशी समालोचनं चालू.

दुसरं, काचेच्या फटीतून दारात पाणी जातंच, ते जायचंच असतं. ते दाराच्या बुडाशी असलेल्या भोकांतून बाहेर पडतं. ती भोकं मातीने आणि गंजाने बुजली की दार आतून हौदासारखं भरतं. पैसे खर्च करण्याआधी एक बारीक तार घेऊन ती भोकं मोकळी करा. निम्मं काम तिथेच होतं.

तिसरं, जुनं रबर आणि जुनं सोल्यूशन पूर्ण खरवडून काढायचं. खाली गंज असेल तर घासून रेड ऑक्साइड मारायचं आणि नीट वाळू द्यायचं. हे काम वैशाखातच करायचं ते यासाठी. गंजावर चिकटवलेलं रबर म्हणजे जखम न धुता बांधलेली पट्टी.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं: रबर ताणायचं नाही. ताणलं की पट्टी कमी लागते, काम पटकन होतं, पण ताणलेलं रबर आखडतं, कोपऱ्यात सुटतं आणि ओझोन आधी तिथेच चावतो. कोपऱ्यांत उलट थोडं जास्तच घालायचं. सांधा खालच्या बाजूला घ्यायचा, वर कधीच नाही, कारण पाणी वरून येतं.

पुढच्या काचेचं रबर बदलताना सुतळीची युक्ती लागते. आधी काचेलाच रबर चढवायचं, त्याच्या खाचेत सगळीकडून सुतळी बसवायची, काच चौकटीवर टेकवून एकाने बाहेरून दाबायचं आणि दुसऱ्याने आतून सुतळी हळूहळू ओढायची. सुतळीबरोबर रबराचा ओठ चौकटीच्या आत उलटत येतो. दोन माणसांशिवाय हे होत नाही. नवीन बीडिंगने सुरुवातीला दार जड लागतं, ते रबर बसलं की सुधारतं. आणि रबराला ग्रीस किंवा तेल फासू नका, ते फुगतं.

माल मिळवणं हीच खरी कसरत होती. पूर्वी कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेलं की दुकानदार फक्त विचारायचा, "सीधा दरवाजा या उल्टा?" (जुन्या ११०० ची पुढची दारं उलटी उघडत, म्हणून.) आणि वेटोळं पुढ्यात टाकायचा. ते इतकं सहज मिळायचं याचं कारण मुंबईची काळीपिवळी टॅक्सी. त्या हजारो पद्मिनी दर पावसाळ्याआधी बीडिंग मागत. त्यांच्या जिवावर आमच्यासारख्या चार घरच्या गाड्या जगत होत्या. २०१३ मध्ये टॅक्सींना वीस वर्षांची मर्यादा आली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, तिची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. वर्तमानपत्रांनी निरोपाचे लेख लिहिले, लोक हळवे झाले. मला मात्र आधी बीडिंगच आठवलं. गिऱ्हाईक गेलं की साचा जातो, आणि साचा गेला की वस्तू जाते. आम्हाला मिळालं ते मीटरवर विकलं जाणारं, जवळपास त्याच छेदाचं. जुना तुकडा खिशात घेऊन चार दुकानं फिरलो, पाचव्यात जुळलं.

नूतनीकरण झालं. गाडी अजून आहे, महिन्यातून दोनदा रेवदंड्याच्या बाजारापर्यंत जाते. ती काही दुर्मीळ नाही आणि तिला फार किंमतही येणार नाही.

मला यातून एवढंच सांगायचंय. आपण त्या काळाला टंचाईचा काळ म्हणतो आणि तो होताच, त्याचं गोडवं गायचं कारण नाही. दहा वर्षं वाट बघून गळकी गाडी घेणं ही काही संस्कृती नव्हे. पण कोकणातल्या माणसाला आगोट टंचाईने शिकवली नाही, पावसाने शिकवली. घर असो, होडी असो की गाडी, वर्षातून एकदा तिच्याभोवती फिरून फट कुठे आहे ते आपल्या हाताने चाचपायचं, हे त्यातलं शहाणपण. हल्लीचं रबर पंधरा वर्षं टिकतं म्हणून चाचपणं थांबलं, आणि तळाशी पाणी शिरलंय हे कळतं तेव्हा ते काम हाताबाहेर गेलेलं असतं. हे फक्त गाड्यांबद्दलच खरं आहे असं नाही.

असो. मृग आठ जूनच्या आसपास लागतो. दाराच्या बुडाची भोकं तेवढी मोकळी करून ठेवा.