परमुलखाला जाताना

आमच्या घरातली एक नात यंदा शिकायला जर्मनीला निघाली आहे. त्यामुळे सध्या घरात सल्ल्यांचा पाऊस पडतो आहे. युरो किती न्यावेत, थंडीचे कपडे कोणते, तिथल्या लोकांशी कसं बोलावं, शेजाऱ्याचं दार केव्हा वाजवावं आणि केव्हा वाजवू नये. मी कधी परदेशी गेलेलो नाही, तेव्हा गप्प बसलो. पण नंतर मनात आलं, की ही सगळी यादी आपण आधी कुठेतरी ऐकली आहे. आमचे आजोबा बिलोलीहून पुण्याला, पंढरपूरला जाणाऱ्या माणसाला नेमक्या याच गोष्टी सांगत असत!

मंडळी, हे विधान ऐकून नव्या पिढीला हसू येईल. बिलोलीहून पुणे म्हणजे काय परदेश? पण १९४८ पर्यंत तो परदेशच होता. आमचा मुलूख निजामाचा. लोक त्याला मोगलाई म्हणत. पलीकडे पुणे, नगर, सोलापूर हा इंग्रजी मुलूख. भाषा एक, विठोबा एक, लग्नसंबंधही होत. पण नाणं वेगळं, तिकीट वेगळं, कालगणना वेगळी, अंमलदारांची नावं वेगळी, सुट्टीचा वारसुद्धा वेगळा. पासपोर्ट तेवढा नव्हता.

पहिला सल्ला असायचा पैशाचा. आमच्याकडे चालायचा हाली सिक्का, त्यावर चारमिनारचं चित्र. इंग्रजी रुपयाला लोक कलदार म्हणत. सहा कलदार म्हणजे सात हाली असा भाव. शंभर कलदार घ्यायचे तर एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली मोजावे लागत. आजोबा म्हणायचे, "परक्या मुलखात रुपया मोडायचा तर उजेड असताना मोडावा, आणि मोडून देणाऱ्यासमोरच मोजावा." हाली नाणं सरकारने १९५९ मध्ये पूर्ण बंद केलं. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. आजीच्या पेटीतले काही रुपये तसेच राहून गेले, ते आम्ही पोरं खेळायला घेत असू.

दुसरा सल्ला वाटेचा. बिलोलीहून बैलगाडीने निघायचं, गोदावरी ओलांडायची आणि धर्माबादचं स्टेशन गाठायचं. तिथून निजामाची लहान रुळांची गाडी नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करत मनमाडला जाई. हा रस्ता १९०० च्या सुमारास झाला. मनमाड हे इंग्रजी मुलखातलं. तिथे रुळच बदलत, त्यामुळे गाठोडी-वळकट्या घेऊन सगळ्यांनी उतरायचं आणि मोठ्या गाडीत बसायचं. सरहद्द ओलांडल्याचं माणसाला खांद्यावरच्या ओझ्यावरून कळायचं. मालावर जकात होती, तिला करोडगिरी म्हणत. नाक्यावर विचारलं तर लपवू नये, जे आहे ते सांगावं, कापडाच्या घडीत काही ठेवू नये, हेही बजावलं जाई.

तिसरा सल्ला वारांचा आणि तारखांचा. मोगलाईत कचेऱ्यांना सुट्टी शुक्रवारी, इंग्रजी मुलखात रविवारी. शुक्रवारी काम होणार नाही या हिशेबाने चालणारा माणूस तिकडे रविवारी कचेरीच्या बंद दारासमोर उभा राहायचा. तारखा तर विचारूच नका. आमच्याकडे फसली सन. महिन्यांची नावं अजूर, दय, बहमन, इस्फंदार, फरवरदी अशी. मी शाळेत असताना जुन्या दाखल-खारीज रजिस्टरमधल्या जन्मतारखा काढून द्यायचं काम माझ्याकडे यायचं. म्हातारे लोक पेन्शनसाठी, वारसाच्या नोंदीसाठी यायचे. फसली सनात महिना पाहून ५९० किंवा ५९१ मिळवले की इंग्रजी साल निघतं. हा हिशेब कळला नाही म्हणून कागद अडलेली माणसं मी पाहिली आहेत.

चौथा सल्ला नावांचा. आमच्याकडे कलेक्टर नव्हता, अव्वल तालुकदार होता. मामलेदार नव्हता, तहसीलदार होता. फौजदाराला अमीन म्हणत. शाळा तहतानिया, वस्तानिया, फौकानिया, म्हणजे प्राथमिक, माध्यमिक आणि हायस्कूल. अर्ज उर्दूत, कोर्ट उर्दूत. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. मातृभाषा मराठी आणि कागद उर्दूत, अशा घरातला माणूस पुण्याला गेला की त्याला मराठीतला सरकारी कागदच वाचता येईना! लिपी ओळखीची, शब्द अनोळखी.

आणि पाचवी गोष्ट बोलण्याची. यावर आजोबा काही सांगत नसत, कारण ती सांगून कळत नाही. आम्ही "कधी आलाव? जेवलाव का?" असं विचारतो. या "आलाव" मध्ये केवढा आदर आहे ते आमच्याकडच्या माणसाला ठाऊक. मी नोकरीच्या सुरुवातीला एका प्रशिक्षणासाठी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात गेलो होतो. तोवर निजाम जाऊन वीस-बावीस वर्षं झाली होती, नाणं एक झालं होतं, राज्य एक झालं होतं. तरी माझ्या "आलाव"ला वर्ग हसला. नाण्याची सरहद्द कागदावर सही केली की संपते. जिभेची सरहद्द फार दिवस टिकते. मी पुढे "आलात" म्हणायला शिकलो, पण घरी आल्यावर "आलाव"च म्हटलं. परक्या ठिकाणी त्यांची रीत उचलावी, आपली टाकू नये, एवढं त्यातून मला समजलं.

आता उलट बाजू पाहू. तिकडून इकडे येणाऱ्याला काय माहीत असावं लागे? मोगलाईत माणसांचे दोन प्रकार होते, मुल्की आणि गैरमुल्की. सरकारी नोकरी मुल्कीला. बाहेरचा माणूस मुल्की व्हायचा तर पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागे. सभा घ्यायची तर गश्ती निशान ५३ हा हुकूम आडवा येई, आधी परवानगी हवी. खाजगी शाळांवरही सरकारची नजर असे.

या सगळ्या अटी माहीत असताना १९२९ साली एक तरुण सोलापूरच्या बाजूने हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक म्हणून आला. व्यंकटेश खेडगीकर त्याचं नाव. जन्म १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. म्हणजे पक्का गैरमुल्की. हिप्परग्याहून तो पुढे अंबाजोगाईला गेला, आणि स्वामी रामानंद तीर्थ म्हणून सगळ्या हैदराबाद संस्थानाचा पुढारी झाला. आज नांदेडच्या विद्यापीठाला नाव आहे ते या परमुलखातून आलेल्या माणसाचं. मुल्की असण्याचा दाखला कोण देतो, सरकार की गाव, हा प्रश्न मी वर्गात मुलांना नेहमी विचारत असे.

पण ही सरहद्द नुसती गमतीची नव्हती. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला आणि आम्ही तसेच राहिलो. २९ नोव्हेंबरला निजामाने भारताशी जैसे थे करार केला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत हुकूम काढला की संस्थानात भारतीय चलन चालणार नाही. आदल्या दिवसापर्यंत भाव होता सहाला सात. दुसऱ्या दिवशी खिशातला कलदार हाच गुन्हा होऊ शकत होता. रझाकारांचा त्रास वाढला तशी आमच्या भागातली कुटुंबं रातोरात पैनगंगेपलीकडे उमरखेडच्या बाजूला निघाली. तो वऱ्हाड, भारताचा मुलूख. उमरखेडला सरहद्दीवरचा कॅम्प होता. तेव्हा नाण्याचा, वाराचा, कागदाचा सल्ला कुणाच्या उपयोगी पडला नाही. आजोबांचा आणखी एक सल्ला होता, तो उपयोगी पडला: "जाशील तिथं एक घर ओळखीचं ठेव. रोज जाऊ नकोस, पण दार माहीत असू दे." ज्यांची पलीकडे एखादी आत्या, एखादा व्यापारी, एखादा वारीतला सोबती होता, त्यांच्या लेकराबाळांना पहिल्या रात्री छप्पर मिळालं. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान शरण आलं, तेव्हा माणसं परतली.

त्यानंतरही रेघ सरकतच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं पलीकडे गेली, मुधोळ गेलं. किनवट आपल्याकडे आलं. पुणं परदेश होतं ते आपलं झालं, आणि बिचकुंदा घरचं होतं ते परराज्य झालं. आमच्याकडच्या किती लेकी तिकडे नांदतात! आधी ते आंध्र होतं, २०१४ पासून तेलंगणा. माणसं जागेवरच आहेत.

म्हणून नातीला मी एवढंच लिहून दिलं आहे. पैसा उजेडात मोजून घे. नाक्यावर खरं सांग. त्यांच्या सुट्टीचा वार आणि अंमलदाराचं नाव आधी शिक. त्यांची रीत उचल, आपलं "आलाव" टाकू नकोस. आणि पोचल्यावर पहिल्या आठवड्यात एक दार ओळखीचं करून ठेव. तिथल्या नियमांविषयी मला काही कळत नाही, ते ती माझ्याहून चांगलं शोधेल. हे मात्र आमच्या गावाने किंमत देऊन शिकलेलं आहे.

तुमच्या घरातली वडीलधारी मंडळी परमुलखाला जाताना काय सांगत? हाली सिक्का, करोडगिरी, कॅम्पचे दिवस, काही ऐकलेलं असेल तर जरूर लिहा. सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत.