कॉलियर बंधूंचे घर

कॉलियर बंधूंचे घर ही अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या हार्लेम भागात, फिफ्थ ॲव्हेन्यू आणि १२८ वा रस्ता यांच्या कोपऱ्यावर असलेली निवासी इमारत होती. २०७८, फिफ्थ ॲव्हेन्यू असा तिचा पत्ता होता. होमर लस्क कॉलियर (१८८१–१९४७) आणि लँगली वेकमन कॉलियर (१८८५–१९४७) या अविवाहित भावांनी आईवडिलांकडून वारशाने आलेल्या या घरात अनेक वर्षे वस्तूंचा अनिर्बंध संचय केला. मार्च १९४७ मध्ये दोघेही या घरात मृत्यू पावले. त्यानंतर घरातून १२० टनांहून अधिक सामान बाहेर काढण्यात आले. त्याच वर्षी जुलै महिन्यात इमारत पाडण्यात आली. मालमत्तेच्या वारसाहक्काचा निकाल मात्र १९५२ मध्ये लागला. वस्तुसंचयाचा विकार आणि अशा घरांची मृत्युपश्चात विल्हेवाट या दोन्ही विषयांच्या चर्चेत या घराचे उदाहरण वारंवार दिले जाते.

पार्श्वभूमी

होमर व लँगली यांचे वडील हर्मन कॉलियर हे बेलव्ह्यू रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ होते, तर आई सुझी या पूर्वाश्रमीच्या ऑपेरा गायिका होत्या. होमर कोलंबिया विद्यापीठातून कायद्याचे शिक्षण घेऊन सागरी कायद्याचा वकील झाला. लँगली पियानोवादक होता आणि त्याला यंत्रे जुळवण्याची आवड होती. कॉलियर कुटुंब १९०९ मध्ये हार्लेममधील या तपकिरी वालुकाश्माच्या घरात राहावयास आले. काही वर्षांनी वडील वेगळे राहू लागले. मुले आईजवळ राहिली.

या घरातील संचयाची सुरुवात एका अर्थी वारशापासूनच झाली. १९२३ मध्ये वडिलांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वैद्यकीय साहित्य, ग्रंथ व इतर चीजवस्तू मुलांकडे आल्या आणि त्या याच घरात आणून ठेवण्यात आल्या. १९२९ मध्ये आई वारली व घरासह तिचे सर्व सामानही भावांना मिळाले. आईवडिलांच्या वस्तूंपैकी फारसे काही निकाली निघाले नाही. १९४७ मध्ये घर उपसताना त्या नंतर जमवलेल्या वस्तूंच्या ढिगाऱ्यात मिसळलेल्या आढळल्या.

एकांतवास व संचय

१९३३ मध्ये डोळ्यांतील रक्तस्रावामुळे होमरची दृष्टी गेली. लँगलीने नोकरी सोडून त्याची शुश्रूषा पत्करली. आठवड्याला शंभर संत्री आणि काळा पाव या आहाराने भावाची दृष्टी परत येईल, अशी त्याची समजूत होती. दृष्टी आल्यावर होमरला राहून गेलेले वाचता यावे, म्हणून तो दररोजची वर्तमानपत्रे जपून ठेवी. पुढे संधिवातामुळे होमरचे शरीर आखडले व तो पूर्णतः भावावर विसंबून राहू लागला.

घराची वीज, गॅस, पाणी व दूरध्वनी या सोयी कालांतराने बंद झाल्या. लँगली जवळच्या माउंट मॉरिस उद्यानातील (सध्याचे मार्कस गार्वी उद्यान) पंपावरून पाणी आणी आणि रात्री बाहेर पडून अन्न व टाकाऊ वस्तू गोळा करी. घरात मोठी संपत्ती दडवलेली आहे, अशी वदंता परिसरात पसरली. खिडक्यांवर दगड मारले जाऊ लागले व घरफोडीचे प्रयत्न झाले. भावांनी खिडक्या फळ्या ठोकून बंद केल्या. लँगलीने सामानाच्या ढिगांतून अरुंद बोगदे काढले आणि घुसखोर आत आल्यास त्याच्या अंगावर ढीग कोसळावेत, असे सापळे रचले.

१९४२ मध्ये गहाणाचे हप्ते थकल्याने बँकेने घराचा ताबा घेण्याची कारवाई सुरू केली. पोलीस दार फोडून आत गेले असता लँगलीने त्यांच्यासमोर ६,७०० डॉलरचा धनादेश लिहून संपूर्ण कर्ज फेडले व सर्वांना बाहेर जाण्यास सांगितले.

मृत्यू

२१ मार्च १९४७ रोजी घरात मृतदेह असल्याचा निनावी दूरध्वनी पोलिसांना आला. प्रवेशद्वारामागे वस्तूंची भिंतच उभी असल्याने अखेर वरच्या मजल्यावरील खिडकीतून आत शिरावे लागले. काही तासांच्या शोधानंतर होमर बसलेल्या स्थितीत मृत आढळला. उपासमार व हृदयविकार यांमुळे काही तासांपूर्वीच त्याचा मृत्यू झाला होता. लँगली बेपत्ता असल्याने त्याचा शोध अनेक राज्यांत घेण्यात आला. ८ एप्रिल रोजी घर उपसणाऱ्या कामगारांना त्याचा मृतदेह होमरच्या जागेपासून सुमारे दहा फुटांवर सापडला. भावासाठी अन्न घेऊन बोगद्यातून सरकत असताना त्याने स्वतःच रचलेला सापळा त्याच्यावर कोसळला होता. त्याचा मृत्यू ९ मार्चच्या सुमारास, म्हणजे होमरच्या आधी झाला. दोघांचे दफन सायप्रेस हिल्स दफनभूमीत आईवडिलांच्या शेजारी करण्यात आले.

घर रिकामे करणे

लँगलीचा शोध आणि घराची सफाई ही कामे प्रारंभी एकत्रच चालली. बाहेर निघालेल्या वस्तूंमध्ये चौदा पियानो, २५,००० हून अधिक ग्रंथ, फोर्ड मॉडेल टी मोटारीचा सांगाडा, शेकडो वार न वापरलेले कापड, घड्याळे, बाबागाड्या, काचपात्रांत जतन केलेले मानवी अवयव आणि वर्तमानपत्रांचे असंख्य गठ्ठे होते. ३४ बँक पासबुकेही सापडली; त्यांत मिळून ३,००७ डॉलर शिल्लक होते.

वरवर केवळ कचरा दिसणाऱ्या या ढिगांत पासबुके व कौटुंबिक कागदपत्रे दडलेली होती. त्यामुळे सर्व सामान सरसकट फेकून देणे शक्य नव्हते. विक्रीयोग्य ठरलेल्या वस्तूंना लिलावात मात्र २,००० डॉलरपेक्षाही कमी रक्कम मिळाली. देखभालीअभावी छत गळत होते व काही भिंती ढासळल्या होत्या. इमारत धोकादायक ठरवून जुलै १९४७ मध्ये ती पाडण्यात आली.

वारसाहक्काचा वाद

दोन्ही भावांना पत्नी वा अपत्ये नव्हती. त्यांची एकूण मालमत्ता ९१,००० डॉलर इतकी ठरवण्यात आली. त्यांपैकी सुमारे २०,००० डॉलर रोकड, रोखे, दागिने अशा जंगम स्वरूपात होते. ५६ जणांनी तीवर हक्क सांगितला. त्यांत बहुतांश चुलत, मावस व अन्य दूरचे नातलग होते. आपण या भावांची हरवलेली बहीण आहोत, असा दावा करणाऱ्या एका स्त्रीला जन्माचा दाखला सादर करता आला नाही व तिचा दावा फेटाळला गेला. ऑक्टोबर १९५२ मध्ये न्यायालयाने २३ दावेदारांना समान वाटा मंजूर केला. हा वाटा सरासरी चार हजार डॉलरहूनही कमी भरतो.

वैद्यकीय दृष्टिकोन

कॉलियर बंधूंच्या हयातीत वस्तुसंचय विकार असे स्वतंत्र निदान अस्तित्वात नव्हते. दीर्घकाळ हे वर्तन मंत्रचळाचे (ओसीडी) एक लक्षण मानले जाई. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डीएसएम-५ या नियमावलीत त्याला स्वतंत्र विकाराचा दर्जा मिळाला. वस्तूचे मोल काहीही असो, ती टाकून देण्यात सातत्याने येणारी अडचण, टाकताना होणारा मनस्ताप आणि त्यामुळे राहत्या जागेचा वापर अशक्य होणे, ही त्याची प्रमुख लक्षणे आहेत. छंद म्हणून केलेल्या संग्रहात निवड व मांडणी असते. या विकारात ती लोपते. रुग्णाच्या संमतीविना घर एकदाच रिकामे करून मूळ विकार बरा होत नाही व संचय पुन्हा सुरू होण्याचा संभव असतो. म्हणून बोधात्मक वर्तनोपचाराचा अवलंब केला जातो.

वारसा व प्रभाव

अमेरिकेतील अग्निशमन दलांत सामानाने खच्चून भरलेल्या घरासाठी ‘कॉलियर मॅन्शन’ ही संज्ञा रूढ आहे. अशा घरांत ज्वलनशील वस्तूंचे प्रमाण अधिक असते, बाहेर पडण्याचे मार्ग अडलेले असतात आणि पाण्याने भिजलेल्या कागदाच्या भाराने मजले खचू शकतात. त्यामुळे तेथे जवानांनाही विशेष धोका संभवतो.

या भावांच्या जीवनावर ई. एल. डॉक्टरो यांनी ‘होमर अँड लँगली’ (२००९) ही कादंबरी लिहिली. तीत प्रत्यक्ष घटनाक्रमात बरेच फेरफार केलेले असून दोन्ही भाऊ १९४७ नंतरही जिवंत असल्याचे दाखवले आहे.

घराच्या जागेवर १९६० च्या दशकात लहान उद्यान करण्यात आले व त्याला कॉलियर बंधूंचे नाव मिळाले. २००२ मध्ये स्थानिक रहिवाशांच्या संघटनेने हे नाव परिसराला शोभणारे नसल्याचे सांगून ते बदलण्याची मागणी केली. तथापि शहराच्या उद्यान विभागाने नाव कायम ठेवले.