पाच तासांचं कुंपण

वऱ्हाडातल्या माणसाला कुंपण म्हटलं की बोरीबाभळीच्या काट्या आठवतात. ढोरं अडवायची, रानडुकरं अडवायची, एवढंच त्यांचं काम. पण २००२ साली सरकारनं कापूसवाल्याला एक वेगळंच कुंपण घालायला सांगितलं. ते काट्यांचं नव्हतं, कपाशीचंच होतं. डोळ्याला न दिसणारी गोष्ट त्यानं अडवायची होती.

त्याआधीचा काळ सांगितल्याशिवाय ही गोष्ट कळायची नाही. माझ्या आजीच्या वेळी सरकी घरचीच असायची. वावराच्या मधल्या तासांतली, निरोगी झाडांवरची बोंडं ती वेगळी वेचायची. काठावरच्या झाडांचं बियाणं घ्यायची नाही. "काठावरचं झाड धुऱ्यापलीकडच्याशी सोयरीक करते," असं तिचं म्हणणं. पेरणीआधी ती सरकी शेणमातीत चोळून, उन्हात वाळवून मोकळी करायची. परागीभवन हा शब्द तिला ठाऊक नव्हता, पण कपाशीच्या फुलावर मधमाशी बसते नि पुढच्या फुलावर जाते, हे ती रोज पाहत होती. कपाशीचा पराग जड आणि चिकट असतो. वारा तो फारसा नेत नाही, माशी नेते.

तिच्या गावरान कपाशीला निसर्गाचंही एक कुंपण होतं. देशी कपाशीच्या पेशीत २६ गुणसूत्रं, अमेरिकन कपाशीच्या पेशीत ५२. त्यामुळं त्यांचा संकर सहजासहजी होत नाही. पुढं १९७० साली सुरतेत डॉ. चंद्रकांत पटेलांनी 'संकर-४' हे जगातलं पहिलं व्यापारी संकरित कापूसवाण दिलं. उत्पन्न वाढलं, पण संकरिताची सरकी पुन्हा पेरून तसंच पीक येत नाही. घरचं बियाणं मागं पडलं. दरसाल कृषी केंद्राची पायरी चढणं आलं.

मग आलं बीटी. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घातलं की बोंडअळी पानं-बोंडं खाऊन मरते. देशात त्याला मंजुरी मिळण्याआधीच, २००१ साली, गुजरातेत बोंडअळीनं कपाशी झोडपली तेव्हा 'नवभारत १५१' नावाचं वाण मात्र हिरवंगार उभं राहिलं. तपासलं तर त्यात बीटीचं जनुक निघालं. पीक नष्ट करायचे हुकूम निघाले, पण तोवर बराच कापूस वेचून बाजारात गेला होता. २६ मार्च २००२ ला जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीनं तीन बीटी संकरितांना रीतसर मंजुरी दिली, ती अशा मागल्या दारातून आलेल्या कपाशीच्या पाठोपाठ.

मंजुरीसोबत अट होती. बीटीच्या वावराभोवती चारी बाजूंनी बिगरबीटी कपाशीचे किमान पाच तास, किंवा एकूण पेऱ्याच्या २० टक्के, यांतलं जे जास्त असेल ते लावायचं. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचं छोटं पाकीट येई. या पट्ट्याची कामं दोन. बीटीचा पराग घेऊन निघालेली माशी आधी या तासांवर बसावी. आणि बीटी न खाल्लेल्या अळ्यांचे पतंग तिथं जगावेत, बीटी पचवणाऱ्या पतंगांशी त्यांची जोडी जमावी, म्हणजे अळीची सहनशक्ती लवकर वाढत नाही.

कागदावर हे चोख होतं. वावरात काय झालं? आमच्या शेजारचे दाजी छोटं पाकीट हातात घेऊन म्हणाले, "भाऊ, माहं वावर दोन एकर. त्यातलं पाचवं हिस्सं अळीले चारू, तं किस्त कोन भरीन?" त्यांना उत्तर द्यायला कोणी आलं नाही. फायदा साऱ्या शिवाराचा नि तोटा एकट्याच्या वावराचा, असं ते कुंपण होतं. गावोगाव ती पाकिटं आढ्याला खोचून राहिली, नाहीतर नांग्या भरायला गेली. २०१० साली गुजरातेतल्या गुलाबी बोंडअळीनं पहिल्या बीटीला दाद देणं सोडल्याचं जाहीर झालं. २०१७ ला विदर्भात दोन जनुकांच्या बीटीचीही बोंडं गुलाबी अळीनं पोखरली.

आणि जनुकाचं काय? त्याला माशीपेक्षा माणूसच जास्त उपयोगी पडला. जिनिंगमध्ये दहा गावांचा कापूस एका ढिगात पडतो. पोती, गाड्या, गोदामं, सगळीकडं सरकीची सरमिसळ. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठानं शेतकऱ्याला घरी राखता येईल असं 'बिकानेरी नरमा बीटी' हे सरळ वाण आणलं. २००९ च्या हंगामात ते विकलंही गेलं. पण त्यात मॉन्सॅन्टोच्या कपाशीतलं जनुक मिसळलेलं निघालं. विक्री थांबली, डॉ. सोपोरींची चौकशी समिती बसली. घरच्या सरकीचे दिवस परत येतील ही आशा त्या सरमिसळीत गेली.

वांग्याच्या वेळी मात्र सरकार थबकलं. वांगं इथलंच, त्याचे रानटी भाऊबंदही इथंच, आणि गावोगावची वाणं वेगळी. नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या नि ९ फेब्रुवारी २०१० ला बीटी वांग्याला स्थगिती मिळाली. उलट जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीरला शेतकरी संघटनेनं तणनाशक सोसणारी, मंजुरी नसलेली कपाशी उघडपणे पेरून सत्याग्रह केला. निंदणाची मजुरी परवडत नाही, हे त्यांचं दुखणं खरंच आहे. पण चोरवाटेनं आलेल्या बियाण्याच्या पाकिटावर ना खरं नाव, ना अट, ना पट्टा. ते शेजारच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटात शिरलं, तर जाब कुणाला विचारायचा?

आता तर पाच तासही गेले. बिगरबीटी बी एकाच पाकिटात मिसळून येतं. अळीच्या हिशेबानं ते सोयीचं, कारण शेतकऱ्याला वेगळं काही करावं लागत नाही. परागाला आडवं येणारं कुंपण मात्र त्यात उरलं नाही. ज्याला बियाणं राखायचं आहे त्यानं आता अंतर स्वतःच राखावं, मधल्या तासांतलंच वेचावं, सरकी जिनिंगच्या ढिगात न टाकता वेगळी काढावी आणि चारआठ वर्षांतून एकदा तपासून घ्यावी. आणि शिवारासाठी कुणी पट्टा सोडलाच, तर त्याची भरपाई शिवारानं नि सरकारनं मिळून द्यावी. दाजींचा प्रश्न अजून तिथंच उभा आहे.