माइकचं माहेर



गेल्या महिन्यात आमच्यातल्या एकीने वडिलांच्या मंडपाच्या गोदामातला जुना माइक नेरूळला आणला. भंगारवाला तो वजनावर न्यायला निघाला होता. त्यावर पट्टी होती, 'शिकागो रेडिओ'. आम्ही लगेच म्हटलं, अमेरिकेचा! आणि चुकलो.

शिकागो रेडिओ ही आपल्या मुंबईची कंपनी. मोटवाने कुटुंबाने १९०९ मध्ये सिंधमध्ये धंदा सुरू केला, १९१९ मध्ये तो मुंबईत आणला. नाव तेवढं अमेरिकेतल्या एका कंपनीच्या एजन्सीमुळे आलं. गांधीजी आणि नेहरूंच्या सभांच्या जुन्या फोटोंत हीच पट्टी दिसते. १९४२ मध्ये बावीस वर्षांच्या उषा मेहतांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. पकडल्यावर त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. त्याच खटल्यात शिकागो रेडिओचे नानिक मोटवानेही आरोपी होते. ते पुढे सुटले.

मग पट्टी मुंबईची म्हणजे माइकही मुंबईचाच का? तसंही नाही. एकाने बनवायचं आणि दुसऱ्याने आपलं नाव लावून विकायचं, ही या धंद्यातली जुनी रीत. जर्मनीत नॉयमनने १९४९ मध्ये बाजारात आणलेला 'यू ४७' टेलिफुंकेनच्या नावाने जगभर गेला. अमेरिकेत ऑस्ट्रियाच्या एकेजीचे माइक नोरेल्को नावाने विकले गेले.

आपल्याला हे नवीन नाही. सासरचं नाव लागलं तरी चेहऱ्यावरून माहेर ओळखू येतंच. माइकचंही तसंच. आधी जाळीची आणि अंगाची ठेवण जुन्या जाहिरातींतल्या चित्रांशी ताडून पाहा. मग स्टँडचे आटे मोजा: अमेरिकी आटे बहुधा पाच अष्टमांश इंचाचे, ब्रिटिश तीन अष्टमांश इंचाचे. प्लगच्या पिना मोजा. जाणकाराकडून उघडून घ्या आणि आतला छापील नंबर टिपून ठेवा. मात्र दुरुस्तीत आटे, प्लग बदललेले असू शकतात, म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नका.

आमच्या माइकच्या आत क्रिस्टल निघाला. हा रोशेल मिठाचा स्फटिक उष्णतेने आणि दमट हवेने खराब होतो. आपल्या खाडीकाठच्या पावसाळ्यांनी त्याचा आवाज कधीच घालवला होता. तरी तो भंगारात गेला नाही. पट्टी घासली नाही, आतला भाग बदलला नाही. तो कुणाकडून आला, कुठल्या गावांच्या सभांना गेला, हे मैत्रिणीच्या आईने सांगितलं आणि आम्ही लिहून घेतलं.

तुमच्या माळ्यावर असा माइक असेल, तर आधी घरातल्या मोठ्यांना विचारा. भंगारवाला काय, उद्याही येईल.