अळंबीचा शोध आणि मारिया सबीनाचे घर

गॉर्डन वॅसन हा पेशाने बँकेतला माणूस. १८९८ साली अमेरिकेत जन्मलेला हा गृहस्थ न्यूयॉर्कच्या जे. पी. मॉर्गन बँकेचा उपाध्यक्ष झाला. पण जग त्याला ओळखते ते अळंबीचा अभ्यासक म्हणून.

या अभ्यासाची गोडी त्याला पत्नीमुळे लागली. व्हॅलेंटिना ही रशियात जन्मलेली बालरोगतज्ज्ञ. १९२७ साली कॅट्सकिलच्या डोंगरात रानअळंबी पाहून ती हरखली, ओटीभर वेचून घेऊन आली. वॅसनने मात्र विषाच्या भीतीने ती तोंडालाही लावली नाही. एकाच वस्तूवर कुणाचा एवढा जीव, तर कुणाला तिची एवढी धास्ती का, या प्रश्नामागे दोघांनी तीस वर्षे घालवली.

हा शोध त्याला मेक्सिकोच्या वाहाका प्रांतात घेऊन गेला. तेथील मासातेक जमातीची मारिया सबीना रात्री अळंबी खाऊन, मंत्र गात आजाऱ्यांचे दुखणे शोधत असे. जून १९५५ मध्ये वॅसन तिच्याकडे गेला. घरी आजारी कुणी नव्हते. दूरच्या मुलाची काळजी वाटते, असे निमित्त त्याने सांगितले. तिने विश्वासाने त्याला अळंबी दिली. मे १९५७ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकात त्याचा लेख आला. तिचे नाव त्याने बदलले होते, पण छायाचित्रे होतीच. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडच्या आल्बर्ट हॉफमनने त्या अळंबीतले सिलोसायबिन वेगळे केले. पुढे १९६८ मध्ये वॅसनने ऋग्वेदातला सोम म्हणजे लाल टोपीची अळंबी, असे मत मांडले. अनेक संस्कृत पंडितांना ते पटले नाही.

इकडे सबीनाच्या गावात नशेच्या शोधातल्या परदेशी तरुणांची रीघ लागली. पाठोपाठ पोलीस आले. गावकरी तिच्यावर रुसले, तिचे घर जाळले गेले. परके आल्यापासून अळंबीतली शक्ती गेली, असे ती उतारवयात सांगे. १९८५ मध्ये ती गरिबीतच वारली. वॅसनने पुढे खेद व्यक्त केला. १९८६ मध्ये तोही गेला.

आज नैराश्यावरील उपचारासाठी सिलोसायबिनच्या चाचण्या चालू आहेत. वॅसनची विद्वत्ता खोटी नव्हती. परंतु इल्म ही अमानत आहे. ते ज्याच्या दारातून आपण घेतो, त्या घराचे पुढे काय होईल, हा विचार ते घेण्याआधीच करायला हवा.