तेहतीस पानांचें पत्र

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मिसिसिपी संस्थानांत फॉरेस्ट नांवाचें एक लहान गांव आहे. तेथील वकील बीमन ट्रिप्लेट यांनीं इ. स. १९३८ सालीं बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांजकडे तेहतीस पानांचें एक टंकलिखित पत्र पाठविलें. १९३३ सालीं जन्मलेल्या आपल्या डोनाल्ड या मुलाची हकीकत त्यांत होती. आज ज्या अवस्थेस मराठींत स्वमग्नता म्हणतात, तिच्या इतिहासांतील हा एक आरंभींचा दस्तऐवज. आणि तो वैद्याचा नव्हे, पित्याचा आहे.

दोन वर्षांचें हें मूल धर्मपाठांतील पंचवीस प्रश्न उत्तरांसह म्हणून दाखवी. ठोकळे, थाळ्या गरगर फिरविण्यांत तें रमे. कोणी आड आलें तर आक्रस्ताळेपणा करून मोडतोड करी. तीनचाकी सायकलीवर बळेंच बसविलें कीं भीतीनें त्याची गाळण उडे. दुपारच्या झोपेनंतर खाटेवरून उतरण्यापूर्वीं आईनें एक ठराविक प्रश्न ठराविक शब्दांतच विचारला पाहिजे, असा नेम असे. विचारला तर स्वारी मुकाट्यानें खालीं येई; न विचारला तर किंचाळणें, रडणें, आणि मानेचा स्नायूनस्नायू ताठ! ही आई पदवीधर व कर्तबगार होती. अशा बाईनें पोराच्या लहरीपुढें मान तुकवावी, याचें पाहणारांस नवल वाटलें असेल. पण ती लहर नव्हती.

१९३७ सालीं हवापालट म्हणून डोनाल्डला क्षयप्रतिबंधक आरोग्यधामांत ठेवण्यांत आलें होतें. सुमारें वर्षानें आईबापांनीं त्यास परत आणलें. चालकांचा सल्ला मात्र, त्याच्या वाटेस जाऊं नका, असाच होता.

कॅनर यांनीं १९४३ सालीं डोनाल्डसह अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. सर्व कांहीं जसेंच्या तसें राहावें हा या मुलांचा ध्यास, आणि केर ओढणारें यंत्र, पाळणा (लिफ्ट), अंडीं फेंटण्याचें साधन, फार काय नळाचें पाणी, यांच्या आवाजानेंहि उडणारा थरकांप त्यांनीं नोंदला. हा दोष जन्मजात असावा, असेंहि तेथेंच म्हटलें होतें. परंतु पुढें त्यांचीच लेखणी घसरली. आईबापांच्या थंडपणाची त्यांनीं बर्फाच्या कपाटाशीं तुलना केली, आणि ती उपमा जगभर पसरली. शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनीं १९६७ सालच्या ग्रंथांत दोषाचा सारा भार आईवर लादला. रात्र रात्र मुलाला सांभाळावें, आणि सकाळीं तज्ज्ञाच्या तोंडून आपणच याचें कारण हें ऐकावें, अशी त्या पिढींतील मातांची गत झाली.

प्रतिकार घरांतूनच आला. स्वमग्न मुलाचे वडील व मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनीं १९६४ सालीं ग्रंथ लिहून हें खूळ खोडून काढलें. १९६५ सालीं पालकांची राष्ट्रीय संस्था निघाली. तिच्याच सभेंत १९६९ सालीं कॅनर यांनीं पालकांना जाहीरपणें निर्दोष ठरविलें. हा कबुलीजबाब उशिराचा खरा, पण कित्येकांनीं तोहि दिला नाहीं.

हट्ट आणि हा उद्रेक यांतील भेदहि पालकांनींच अनुभवानें ओळखला. हट्टी मूल डोळ्याच्या कोपऱ्यानें आपणांकडे पाहत असतें. हवें तें मिळालें कीं थांबतें. नाद, प्रकाश, गर्दी किंवा मोडलेला नेम असह्य होऊन कोसळलेल्या मुलाला खाऊ देऊन वा रागें भरून उपयोग होत नाहीं. दिवे मंद करावे, माणसें बाजूस सारावीं, बोलणें थांबवावें, इजा होऊं न देतां जवळ बसावें. ओसरण्यास कधीं फार वेळ लागतो, आणि नंतर मूल थकून जातें. भर बाजारांत हें घडतें तेव्हां लोकांच्या नजरा आईला अधिक जाचतात.

इंद्रियांची ही अतिसंवेदना अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या कसोट्यांत स्पष्टपणें आली ती २०१३ सालीं. डोनाल्ड तेव्हां ऐंशीच्या घरांत होता. १९५८ सालीं पदवी घेऊन त्यानें फॉरेस्टच्याच बँकेंत नोकरी केली, गोल्फ खेळला, एकट्यानें देशोदेशीं प्रवास केला. २०२३ सालीं तो वारला.