चांदीचा कस आणि मिठाचे पाणी

मराठीच्या अध्यापकाने रसायनशास्त्राच्या इतिहासात शिरावे, हा अधिकारभंगच. तथापि शाळेच्या प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेटने काळी पडलेली बोटे मी आठवडाभर मिरवली होती. तेवढ्याच अधिकारावर हे चार शब्द.

चांदीचा कस ठरविण्याची जुनी रीत अग्निपरीक्षेची. हाडांच्या राखेच्या मुशीत चांदी शिशासह तापवावयाची. शिसे व हीण मुशीत जिरून जाई आणि उरलेला मणी तोलला जाई. टांकसाळींनी शतकानुशतके तिच्यावर विश्वास ठेवला. परंतु शिशाबरोबर थोडी चांदीही जिरत असे आणि कस प्रत्यक्षाहून हजारात काही अंशांनी कमी भरे. फ्रान्सच्या चांदीच्या नाण्यात हजार भागांत नऊशे भाग चांदी असावयाची. तेथे ही तूट म्हणजे सरकारी तिजोरीचाच प्रश्न.

१८२९ मध्ये पॅरिसच्या टांकसाळीत मुख्य पारखी झालेल्या गे-ल्युसॅकने विस्तवच दूर सारला. १८३२ साली त्याने प्रसिद्ध केलेल्या रीतीत चांदी नायट्रिक आम्लात विरघळवून तिचे सिल्व्हर नायट्रेट करावयाचे आणि त्यात मोजून मिठाचे पाणी घालावयाचे. कवडीदार दह्यासारखा पांढरा साका पडतो. तो पडावयाचा थांबला, की द्रावणातील चांदी संपली. पाणी असे बेतलेले, की १०० घनसेंटिमीटरांनी नेमकी १ ग्रॅम चांदी खाली बसावी. अखेरच्या टप्प्यासाठी दशांश बळाचे दुसरे पाणी; त्याच्या एका घनसेंटिमीटरास १ मिलिग्रॅम. प्रत्येक वेळी बाटली हलवावी, द्रावण निवळू द्यावे, मगच पुढे जावे. अग्नीला न साधलेली अचूकता स्वयंपाकघरातल्या मिठाने साधली!

उलट दिशेने, चांदीने मीठ ओळखण्याची खूण रसायनज्ञांना होतीच. १८५६ मध्ये जर्मन रसायनज्ञ मोर याने तिला मोजमापाची जोड दिली. पाण्यात थोडे पोटॅशियम क्रोमेट घालून सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने सोडावे. क्लोराइड संपताच विटकरी रंग उमटतो. विहिरीच्या पाण्याचा खारेपणा आजही या रीतीने मोजतात. टोलेन्सचा १८८२ चा आरसा सर्वपरिचित, म्हणून सोडतो.

एक शब्दवेल्हाळ विषयांतर क्षम्य मानावे. आपली ‘चांदी’ चंद्राच्याच कुळातली. युरोपातील किमयागारही चांदीस चंद्र म्हणत. म्हणून शल्यवैद्यांच्या पेटीतील सिल्व्हर नायट्रेटच्या कांडीस ‘ल्यूनर कॉस्टिक’ हे नाव पडले. या चांद्रद्रव्याला सूर्यप्रकाश मात्र सोसत नाही. त्याची बाटली तपकिरी काचेची असते, ती त्यामुळेच.